शाळेत आलेल्या त्या बाई खरंच सरकारी होत्या का?

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहते. नातू तिसरीत आहे. त्याच्या वर्गातल्या एका मुलाला भेटायला काउंटीच्या बालकल्याण खात्याच्या एक बाई थेट शाळेत आल्या, बोलल्या आणि निघून गेल्या. आईवडिलांना कळलं ते मूल घरी आल्यावर. तेव्हापासून मुलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता गोंधळ चालू आहे. मला एवढंच विचारायचंय, गळ्यात कार्ड अडकवून कोणीही आलं तर शाळा त्याच्यापुढे मूल आणून बसवते का? आईवडिलांना विचारायची पद्धतच नाही? आणि उद्या अशी बाई मुलाला घेऊनच गेली तर? शिवाय तक्रार केली कोणी, ते तरी सांगतात का?
— एक आजी, पुणे

उत्तर : आजी, तुमची शेवटची शंका तूर्त बाजूला ठेवू. उरलेल्यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. आलेली व्यक्ती खरी कोण? तिला मुलाशी बोलू द्यायला आईवडिलांची संमती लागते का? आणि तिला मूल नेता येतं का? ग्रुपवर हे तिन्ही एकत्र कालवले जातात, म्हणून कार्ड दाखवलं की मूल गेलंच, असा समज होतो. प्रत्यक्षात या तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीला वेगळी अट आहे.

आधी या बाई येतात कुठून ते पाहू. अमेरिकेत बालसंरक्षणाचं काम केंद्र सरकार स्वतः करत नाही. १९७४चा एक केंद्रीय कायदा राज्यांना निधी देतो आणि त्याबरोबर अटी घालतो. काम राज्यांनी करायचं. कॅलिफोर्नियानं ते काउंट्यांकडे दिलंय. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. सनीव्हेल सांता क्लारा काउंटीत येतं, तेव्हा तिथल्या शाळेत येणारी केसवर्कर त्या काउंटीची पगारी नोकर असते. ती पोलीस नसते, आणि मनात आलं म्हणून शाळेत डोकावतही नाही. आधी तक्रार नोंदवली जाते, खातं ती चाळतं, चौकशी करण्याजोगी वाटली तर एकीकडे सोपवतं, आणि मग ती निघते.

आता कार्ड. शाळेतल्या मुलाच्या मुलाखतीसंबंधी कॅलिफोर्नियात जे मुख्य कलम आहे, ते तिथल्या दंडसंहितेतलं कलम १११७४.३. गंमत म्हणजे त्यात ओळखपत्राबद्दल अक्षर नाही. मुलाचे हक्क काय, शाळेच्या माणसानं कसं वागायचं, हे सगळं त्यात आहे. दारात काय तपासायचं ते नाही. शाळेच्या वेळेत आवारात येणाऱ्या परक्या माणसानं ऑफिसात नोंद केली पाहिजे आणि ओळख पटवली पाहिजे, असा राज्याचा दुसरा कायदा आहे. पण ज्या सरकारी नोकरांना कामासाठीच आवारात यावं लागतं, त्यांना ‘परक्या’च्या व्याख्येतून वगळलंय. म्हणजे कायद्याचा नुसता कीस काढत बसलं, तर खरी केसवर्कर वहीत सही न करताही आत जाऊ शकेल.

मग अडवतं कोण? शाळांच्या जिल्हा मंडळांची स्वतःची नियमावली. तिचा रोख बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. येणाऱ्यानं नाव सांगायचं, कोणत्या खात्यात कोणत्या पदावर आहे ते सांगायचं, कोणत्या अधिकारानं मुलाला भेटायचंय ते सांगायचं. प्रिन्सिपलनं किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीनं ते लिहून ठेवायचं. मुलाखत आणि आवारप्रवेश यांच्या कायद्यांनी मोकळी सोडलेली ही जागा शाळेच्या ऑफिसातल्या बाई एका रजिस्टरनं भरून काढतात, असं म्हणायला हरकत नाही.

ही पायरी जरा जवळून बघण्यासारखी आहे, कारण सगळा विश्वास किंवा अविश्वास तिच्यावर उभा आहे. केसवर्करच्या गळ्यात सहसा प्लॅस्टिकचं कार्ड असतं : फोटो, नाव, काउंटीच्या खात्याचं नाव, कर्मचारी क्रमांक. सिनेमातल्या पोलिसांसारखा चकाकणारा धातूचा बिल्ला असतोच असं नाही, आणि नसला म्हणून बाई खोट्या ठरत नाहीत. उलट नुसतं व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं, तर त्यानं काहीच सिद्ध होत नाही; तसं कार्ड कोणत्याही छापखान्यात निघतं. फोटोचं ओळखपत्रसुद्धा घरबसल्या बनवता येतं. म्हणून समंजस ऑफिस कार्ड बघून थांबत नाही, खात्यात फोन लावून विचारतं की या नावाची, या क्रमांकाची व्यक्ती तुमच्याकडे आहे का, आणि आज ती आमच्याकडे पाठवली आहे का.

फोनचीही एक मेख आहे. कार्डावर छापलेल्या नंबरावर फोन करायचा नाही. भामटा कार्ड छापतो तेव्हा नंबरही आपल्याच जोडीदाराचा छापतो. नंबर शाळेनं आपल्याकडच्या यादीतून किंवा काउंटीच्या अधिकृत क्रमांकावरून घ्यायचा. बँकेच्या नावानं आलेल्या फोनला आपण जो न्याय लावतो, तोच इथे. खरी केसवर्कर अशा चौकशीनं रागावत नाही. तिला ती रोजची असते. स्वतःला बालकल्याण खात्याचा म्हणवून लोकांच्या दारात उभ्या राहिलेल्या तोतयांच्या बातम्या अमेरिकेत अधूनमधून येतात, त्यामुळे सावधगिरी अनाठायी म्हणता येत नाही.

एक नाजूक गोष्ट राहते. पाहुण्यांच्या वहीत ‘भेटीचं कारण’ असा रकाना असतो. तिथे बालकल्याण खातं, अमुक मुलगा असं लिहिलं, तर मागे रांगेत उभ्या असलेल्या आईला ते दिसणार आणि दुपारपर्यंत ग्रुपवर पोचणार. म्हणून खरी नोंद प्रिन्सिपलकडच्या वेगळ्या कागदावर असावी आणि मुलाला माइकवरून पुकारू नये. वर्गात कोणीतरी जाऊन त्याला हळूच बोलवून आणावं. तुमच्या मुलीच्या ग्रुपवर बातमी पोचलीच आहे, म्हणजे त्या शाळेत ही काळजी कुठेतरी कमी पडली असावी, असं मला वाटतं.

ओळख पटली की शाळेनं किती ताणायचं, यालाही मर्यादा आहे. न्यू यॉर्क राज्यानं ती नियमातच लिहून ठेवली आहे. बालसंरक्षणाच्या कर्मचाऱ्यानं ओळख दाखवायची, कोणत्या मुलाशी बोलायचंय ते सांगायचं, शाळेचे पाहुण्यांसाठीचे रास्त नियम पाळायचे. मग शाळेनं कोर्टाचा हुकूम किंवा आईवडिलांची संमती आणा म्हणून अडवून धरायचं नाही. तक्रारीचा सगळा तपशील आम्हाला सांगा, असा हट्टही प्रिन्सिपलनं धरू नये. तो तपशील गोपनीय असतो. शाळेचं काम माणूस खरा आहे की नाही हे बघण्याचं. तक्रार खरी आहे की खोटी, हे ठरवायला तो माणूस आलेला असतो.

ओळख तपासण्याला किती वजन आहे, ते एप्रिल २०२५मध्ये लॉस एंजेलिसला दिसलं. तिथल्या दोन प्राथमिक शाळांमध्ये काही माणसं आली आणि ठरावीक मुलांची नावं घेऊन, ती खुशाल आहेत ना हे बघायचंय, म्हणाली. घरच्यांची परवानगी आहे, असंही त्यांनी सांगितल्याचं शाळांच्या अधीक्षकांनी नंतर जाहीर केलं. ती परवानगी कोणी दिलेलीच नव्हती. आलेले लोक निघाले केंद्राच्या होमलँड सिक्युरिटी खात्याचे. म्हणजे सरकारी खरेच, पण काउंटीच्या बालकल्याण खात्याचे नव्हेत. आपला हेतू मुलांची खुशाली बघण्याचाच होता, स्थलांतरितांवर कारवाईचा नव्हता, असं त्या खात्याचं म्हणणं. दोन्ही शाळांच्या प्रिन्सिपलनी त्यांना परत पाठवलं.

या घटनेमुळे ग्रुपवरचा आणखी एक घोळ सुटतो. ‘वॉरंट असल्याशिवाय शाळेत कोणालाही घेत नाहीत’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते स्थलांतर खात्याच्या माणसांबद्दल आहे. त्यांच्याकडे न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट मागा, असं कॅलिफोर्नियातल्या शाळांना शिकवलेलं असतं. काउंटीच्या केसवर्करला मुलाशी बोलण्यासाठी ते मागितलं जात नाही. दोघांच्याही गळ्यात सरकारी कार्डच असतं. म्हणून ‘तुम्ही सरकारी आहात का’ एवढं विचारून भागत नाही. कोणत्या सरकारचे, कोणत्या खात्याचे आणि कोणत्या कामासाठी आलात, हेही विचारावं लागतं.

आता दुसरा प्रश्न, आईवडिलांच्या संमतीचा. घरी किंवा पालनगृहात मुलाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याची तक्रार असेल, तर शाळेच्या वेळेत, शाळेतच मुलाची मुलाखत घेता येते, असं कलम १११७४.३ सांगतं. आईवडिलांची संमती किंवा त्यांना आधी कळवणं, ही अट त्यात नाही. आपल्याला हे टोचतं. माझ्या मुलाशी मला न विचारता बोलणारे तुम्ही कोण, असं कोणालाही वाटेल. पण तक्रार घरातल्या माणसांबद्दल असते, हे विसरून चालत नाही. सकाळी घरी कळवलं आणि दुपारी मुलाला विचारलं, तर मधल्या वेळात त्याला काय बोलायचं ते पढवलं जाण्याचा धोका राहतो. निर्दोष आईबापांना हा नियम जाचतो, हे खरं. सगळ्यांना आधी कळवायचं ठरवलं, तर ज्या मुलांसाठी ही सोय केली त्यांनाच ती उपयोगी पडणार नाही. मला विचाराल तर कायद्यानं इथे मुलाच्या बाजूनं कौल दिलाय आणि तो बरोबर आहे.

मात्र मुलाला एकटं सोडलेलं नाही. त्याच कलमानं त्याला निवड दिली आहे : खाजगीत बोल, नाहीतर शाळेतलं कोणतंही मोठं माणूस सोबत बसव. आणि ही निवड तुझी आहे, हे मुलाखत सुरू करण्याआधी केसवर्करनं त्याला सांगितलंच पाहिजे. सोबतीला वर्गशिक्षिकाच हव्यात असंही नाही. कॅन्टीनमध्ये वाढणाऱ्या मावशी चालतील, शिपाईकाका चालतील, मदतीला येणारे स्वयंसेवक चालतील. आठ वर्षांच्या पोराला प्रिन्सिपलपेक्षा रोज दुधाचा डबा देणाऱ्या मावशी जवळच्या वाटू शकतात, हे कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखलं, याचं मला कौतुक वाटतं.

सोबत बसणाऱ्यावरही बंधनं आहेत. त्यानं फक्त आधार म्हणून बसायचं. मधे बोलायचं नाही, मुलाशी त्या प्रकरणाची चर्चा करायची नाही, बाहेर येऊन कोणाला सांगायचं तर नाहीच. गोपनीयता मोडली तर शिक्षा आहे. हे नियम शाळेनं त्याला आधी समजावून द्यायचे असतात. आणि हे आपल्याला झेपणार नाही असं वाटलं, तर नाही म्हणायचीही त्याला मुभा आहे.

अशा मुलाखतींवर अमेरिकेतही सगळे खूश आहेत असं नाही. ऑरेगन राज्यात २००३ साली एका केसवर्करनं नऊ वर्षांच्या मुलीला शाळेत बसवून बराच वेळ प्रश्न विचारले, आणि त्या खोलीत कमरेला पिस्तूल लावलेला पोलीसही बसला होता. आईनं दावा लावला. वरच्या न्यायालयानं २००९ साली म्हटलं की वॉरंट, कोर्टाचा हुकूम, आईवडिलांची संमती किंवा तातडीची निकड यांपैकी काहीही नसताना हे करणं घटनेच्या विरुद्ध होतं. प्रकरण ‘कॅमरेटा विरुद्ध ग्रीन’ या नावानं सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे २०११ साली निकाल लागला तो असा, की मुलगी आता मोठी झाली, दुसऱ्या राज्यात राहायला गेली, तेव्हा हा वाद जिवंतच उरलेला नाही; म्हणून खालच्या न्यायालयाचं हे मतही पुसून टाका. थोडक्यात, मूळ प्रश्नाचं उत्तर दिल्लीदरबारी, म्हणजे तिथल्या वॉशिंग्टनदरबारी, लागलंच नाही. तेव्हापासून प्रत्येक राज्य आपापल्या कायद्यानं चालतं. टेक्सासमध्ये, उदाहरणार्थ, मुलाशी बोलल्यावर २४ तासांच्या आत आईवडिलांना तक्रारीचं स्वरूप कळवण्याचा खात्यानं रास्त प्रयत्न करायचा असतो. आणि देशभर, तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याशी खात्याचा माणूस पहिल्यांदा बोलेल तेव्हाच आरोप काय ते त्याला सांगितलं पाहिजे, अशी अट केंद्राच्या कायद्यात २००३ पासून आहे.

तिसरा प्रश्न मूल नेण्याचा. शाळेत बोलण्याचा अधिकार आणि मूल ताब्यात घेण्याचा अधिकार यांत पुष्कळ अंतर आहे. ताब्यात घ्यायचं तर केसवर्करकडे न्यायालयाचा हुकूम हवा, नाहीतर हुकूम आणायला जाईपर्यंत मुलाला गंभीर इजा होईल असं मानायला सबळ कारण हवं. घेतलंच, तर न्यायालयाच्या सुट्ट्या सोडून ४८ तासांच्या आत अर्ज दाखल करावा लागतो आणि लगोलग न्यायाधीशापुढे सुनावणी होते. मुलाखतीनंतर बहुतेक मुलं पुढच्या तासाला वर्गात जाऊन बसतात, तुमच्या नातवाच्या वर्गमित्रासारखीच.

आपल्या लोकांच्या मनातली धास्ती काही अंशी २०२३मध्ये आलेल्या राणी मुखर्जीच्या ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ या सिनेमानं वाढवली आहे. तो नॉर्वेचा मामला, तिथला कायदा निराळा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर वयाला साजेसा, रास्त, गंभीर इजा न करणारा ढुंगणावरचा धपाटा म्हणजे मुलाला गंभीर शारीरिक इजा नव्हे, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. याचा अर्थ धपाटे घालत सुटा असा नाही, हे तुमच्या मुलीला वेगळं सांगायला नको.

घराच्या दाराचा नियमही शाळेपेक्षा वेगळा आहे. केसवर्कर घरी आली, तर संमती, न्यायालयाचा हुकूम किंवा तातडीची निकड यांपैकी काही नसताना ती जबरदस्तीनं आत येऊ शकत नाही. कॅलिफोर्नियाच्या योलो काउंटीतल्या एका प्रकरणात १९९९ साली वरच्या न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. तेव्हा तुमच्या मुलीनं दारातच ओळखपत्र मागावं, नाव आणि क्रमांक लिहून घ्यावा, काउंटीत फोन करून खात्री करावी आणि आरोप काय ते विचारावं. आवाज चढवायची गरज नाही. आणि मुलानं घरी येऊन, आज कोणीतरी माझ्याशी बोललं, असं सांगितलं, तर त्याची उलटतपासणी घेऊ नये. तू काय सांगितलंस, असं खोदून विचारणं पुढे आईवडिलांवरच शेकू शकतं.

आपल्याकडे काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुण्यातल्या आजींना ते ठाऊक असलेलं बरं. इथे हे काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती यांच्याकडे असतं. १०९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. लैंगिक अत्याचाराची तक्रार असेल, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा, आणि पोलिसानं गणवेशात यायचं नाही. जबाबाच्या वेळी आईवडील, नाहीतर मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असं माणूस हजर असावं, असंही कायदा म्हणतो. अधिकारी साध्या कपड्यात येणार म्हटल्यावर ओळखपत्र बघून घेणं शाळेला आणखीच गरजेचं होतं. ऑगस्ट २०२४मधल्या बदलापूरच्या प्रकारानंतर महाराष्ट्र सरकारनं शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी यांबद्दल आदेश काढले. बाहेरून मुलाला भेटायला येणाऱ्याची नोंद तुमच्या जवळच्या शाळेत कोण आणि कशी ठेवतं, हे पुढच्या पालकसभेत विचारून बघा.

आता बाजूला ठेवलेली शंका, तक्रार कोणी केली याची. ते सांगत नाहीत. तक्रारदाराचं नाव कॅलिफोर्नियात कायद्यानंच गुप्त ठेवलं जातं. ग्रुपवर शेजारणींची नावं घेणं चालू असेल, तर मुलीला सांगा की तिथे निम्म्याहून पुष्कळ जास्त तक्रारी शिक्षक, डॉक्टर, पोलीस यांसारख्या, कामानिमित्त मुलांशी संबंध येणाऱ्या लोकांकडूनच येतात. कॅलिफोर्नियात अशा मंडळींना नुसता रास्त संशय आला तरी लगेच फोन करून ३६ तासांत लेखी अहवाल द्यावा लागतो, आणि न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा एक हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.